कैरीची फोड

२०२४ सालच्या दिवाळीला आमच्या घरात कढई चढली नाही.

चांदवडसारख्या गावात दिवाळीच्या आठवड्यात तळणाचा वास न येणारे घर म्हणजे सुतकातले घर, असा सरळ हिशेब असतो. आमची गल्ली रंगमहालापासून हाकेच्या अंतरावर आहे. होळकरांचा तो वाडा मी शिक्षिका असताना मुलांना इतक्या वेळा दाखवला आहे, की त्यातले खांब मला घरच्या खांबांपेक्षा अधिक ओळखीचे झाले आहेत. वसुबारस उजाडली, की या गल्लीच्या एका टोकाला भाजणी दळून येते, दुसऱ्या टोकाला शंकरपाळे कढईत पडतात, आणि कोणाचे तेल कालचे आहे हे नुसत्या वासावरून सांगणाऱ्या बायाही गल्लीत आहेत. त्या वर्षी मात्र मी खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटीला ओला पंचा लावला आणि शेजारणींना हात जोडून सांगितले, "बायांनो, एवढी दिवाळी तळण मागच्या अंगणात करा."

आतल्या खोलीत माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, नात भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिला नववा आठवडा चालू होता.

ही पोर चांदवडलाच दिलेली. बँकेत नोकरी करते, हिशेबाला पक्की. सासरची माणसे चांगली. पण घराला लागूनच त्यांची कांद्याची चाळ. उन्हाळ कांदा पावसाळाभर चाळीत राहिला, की दसरा-दिवाळीपर्यंत त्याला कोंब फुटू लागतात, काही सडतो, आणि त्या वासाची आम्हां चांदवडकरांना इतकी सवय असते, की तो वास आहे हेही आम्ही विसरतो. तिला तो वास घराच्या चारी भिंतींतून येऊ लागला. मग फोडणीचा, मग साबणाचा, मग नवऱ्याच्या शर्टाचा. गिरणेकाठच्या माहेरापर्यंतचा प्रवास तिला झेपेना, म्हणून ती दोन गल्ल्या ओलांडून माझ्याकडे आली. "मावशीआजी, तुमच्याकडे कांदा नाही ना?" हे तिचे उंबऱ्यातले पहिले वाक्य.

हिशेबी मुलगी, म्हणून तिने एक वही ठेवली होती. किती वेळा ओकले, किती घोट पाणी पोटात राहिले, सगळे तारीखवार. एका दिवसापुढे सत्तावीस आकडा होता. मी तो पाहिला आणि वही मिटून ठेवली.

तिच्या सासूबाई रोज येऊन बसत. स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी स्वतः तीन बाळंतपणे काढली. बांधावर ओकून पुन्हा वाफ्यात उतरून कांद्याची लागण केली. त्यांना मनापासून वाटे, की आपल्याला जमले ते हिलाही जमावे. शिवाय त्यांच्या हाती एक कागद होता. आठवड्यापूर्वी रक्त तपासले होते आणि त्यात सारे व्यवस्थित आले होते. तो कागद त्या मला दाखवत आणि म्हणत, "मावशी, रिपोर्ट तर नॉर्मल आहे. मग हिला होतंय तरी काय?"

हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता. कागद नव्हता तेव्हा, पण प्रश्न हाच होता. त्याची गोष्ट पुढे सांगायचीच आहे.

आपल्याकडे गरोदर बाईच्या खाण्यापिण्याच्या लहरींचे मोठे कोडकौतुक आहे. पोटात एक आणि छातीत एक अशी दोन हृदये जिच्या ठायी, ती दौहृदिनी. त्यावरून दोहद आणि त्यावरून आपले डोहाळे, असे आयुर्वेदाचे ग्रंथ सांगतात. कालिदासाच्या 'रघुवंशा'तली सुदक्षिणा राणी माती खाते आणि तिच्या मुखाला येणारा मातीचा वास राजाला मोह घालतो. सातव्या महिन्यात आपण फुलांची वाडी भरतो, झोपाळ्यावर बसवतो, बर्फी की पेढा म्हणून वाट्या झाकून ठेवतो. सारे सुंदर आहे. पण या सगळ्या कौतुकात ओकारीला मान आहे तो गोड बातमीची वर्दी म्हणून; हिंदी सिनेमातली नायिका एकदा तोंडावर हात ठेवून मोरीकडे धावली, की प्रेक्षक समजून जातात. सत्ताविसाव्या वेळी काय होते, ते कोणी दाखवत नाही.

खरे म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण त्यांना एकच नाव देतो. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ तर दहांतल्या सात बायकांना होते. त्रास होतो, पण बाई जेवते, कामाला जाते, आणि चौथ्या महिन्याच्या आसपास तो ओसरतो. आल्याचा तुकडा, आवळासुपारी, साळीच्या लाह्यांचे पाणी, थोडे थोडे पण वरचेवर खाणे या आजीच्या बटव्यातल्या उपायांनी तिला आराम पडतो. दुसरी गोष्ट शंभरांत एखाद-दोघींची. त्यांच्या पोटात पाणीही ठरत नाही. वजन शेकडा पाचांहून अधिक उतरते, लघवी कमी आणि गडद होते, लाळ गिळवत नाही. डॉक्टर त्याला हायपरएमेसिस म्हणतात. हा आजार आहे, आणि तो लाह्यांच्या पाण्याने बरा होत नाही. नदीच्या पाण्याला आणि पुराला आपण एका नावाने हाक मारत नाही. इथे मात्र मारतो, आणि पुरात सापडलेलीला म्हणतो, अगं, आम्हीसुद्धा नदी ओलांडलीच की!

नरकचतुर्दशीला पहाटे तिच्या नवऱ्याने पाणी तापवले. उटण्याचा वास नको म्हणून नुसतेच ऊन पाणी. तिने तांब्या उचलला आणि तो तिच्या हातून निसटला. पुन्हा उचलायला गेली, तो बोटांत जोरच नव्हता. ती मोरीत बसूनच राहिली. बाहेर पोरे फटाके उडवत होती. अंग पुसून, शालीत गुंडाळून आम्ही तिला गाडीत घातले. चांदवडहून नाशिक पासष्टएक किलोमीटर. पिंपळगाव, ओझर अशी गावे मागे पडत होती, सगळीकडे आकाशकंदील लागले होते, आणि ही पोर मांडीवर प्लॅस्टिकचे घमेले धरून बसली होती. बावन्न किलोची मुलगी काट्यावर सत्तेचाळीस भरली.

दिवाळीचा दिवस असूनही तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई कामावर होत्या. त्यांनी आधी कागद मागितले नाहीत. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या आणि विचारले, "शेवटचं पाणी पोटात कधी राहिलं?" तिने वही पुढे केली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. मग म्हणाल्या, "हा तुझा सगळ्यांत चांगला रिपोर्ट आहे."

रक्त अर्थातच घेतले. दुपारी आकडे आले. पोटॅशियम साडेतीनच्या वर हवे, ते २.९ होते. सोडियमही खाली होते. हातातून तांब्या का सुटला, ते त्या आकड्याने सांगितले. ओकारीवाटे आणि उपाशीपोटी हा क्षार शरीरातून जातो. तो फार उतरला तर नुसते स्नायूच नव्हे, हृदयाचे ठोकेही चुकतात. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पण आठवड्याखाली तर सगळं बरोबर होतं."

"आठवड्याखाली बरोबरच असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीर शेवटपर्यंत हिशेब जुळवत राहतं. रक्तातला आकडा बिघडतो तो सगळ्यांत शेवटी. म्हणून आकडा चांगला असला तरी बाईला विचारायचं, वजन करायचं, ती पाणी किती पिते ते पाहायचं. रक्त तपासायचं ते नुकसान किती झालंय ते कळायला आणि दुसरा काही आजार नाही ना, हे पाहायला. तिला त्रास होतोय की नाही, हे ठरवायला नव्हे."

सलाइन लावले, त्यातून पोटॅशियम अगदी सावकाश दिले. त्याआधी ब-१ जीवनसत्त्वाची सुई दिली. कारण विचारले तेव्हा कळले, की बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला हे जीवनसत्त्व न देता एकदम साखरेचे सलाइन चढवले, तर मेंदूला इजा होऊ शकते. थायरॉइडचा आकडाही जरा इकडचा तिकडे होता. पण त्या म्हणाल्या, गर्भाच्या वारेतून येणारे एचसीजी नावाचे संप्रेरक थायरॉइडला चाळवते, पुढे ते आपोआप जागेवर येते, घाबरू नका. पूर्वी लघवीतल्या कीटोनवरून आजार किती वाढला ते ठरवत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात तेही बाजूला ठेवले आहे. कीटोन नसले म्हणून बाईला घरी पाठवू नये, असे त्यांचे सांगणे.

गोळ्यांचे नाव निघाले, तशा सासूबाई पुन्हा घाबरल्या. पोटाशी असताना औषध? त्यांची भीती अगदी निराधार नव्हती. थॅलिडोमाइड नावाचे औषध १९५७ पासून जर्मनीत विकले गेले, मळमळीवर ते सर्रास दिले गेले, आणि १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत जगात हजारो मुले हातापायांविना जन्मली होती. त्या भीतीचा फटका मग निर्दोष औषधालाही बसला. डॉक्सिलॅमीन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची जोडगोळी अमेरिकेत खटल्यांच्या धास्तीने १९८३ मध्ये बाजारातून गेली. तिच्यामुळे बाळात व्यंग येते, असे संशोधनात दिसले नाही, आणि २०१३ मध्ये तिला तिथे पुन्हा परवानगी मिळाली. मधली तीस वर्षे तिथल्या बायकांनी भीतीपायी ओकत काढली. तीच गोळी आमच्या पोरीला दिली, जोडीला दुसरे एक औषध सुईवाटे दिले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने अर्धी वाटी पेज घेतली आणि ती राहिली. वहीत तिने त्या दिवशी नुसती एक पणती काढली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना विचारले, "हे मलाच का? माझ्या मनात काही आहे का?"

त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी हातातली पिशवी खाली ठेवली. घरी आल्यावर भाच्याकरवी त्यावरचे आणखी छापील कागद मागवून मी वाचून काढले. शिक्षिकेची खोड जात नाही. ते माझ्या शब्दांत सांगते.

जीडीएफ-१५ नावाचे एक द्रव्य आपल्या सगळ्यांच्या रक्तात थोडे थोडे असते. शरीरातल्या पेशींवर ताण आला, की ते वाढते. मेंदूच्या मागच्या, तळाच्या भागात त्याला ओळखणारी एक जागा आहे. तिथे ते पोचले, की मळमळ सुरू होते आणि अन्न नकोसे वाटते. गरोदरपणात गर्भ आणि वार मिळून हे द्रव्य भराभर तयार करतात आणि ते आईच्या रक्तात उतरते. अमेरिकेतल्या मार्लेना फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओ'राहिली यांच्यासह अनेकांनी मिळून केलेले संशोधन डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आले. त्यात आढळले ते असे, की काही बायकांच्या रक्तात आनुवंशिक कारणाने हे द्रव्य आधीपासून फार कमी असते. त्यांच्या शरीराला त्याची सवयच नसते. दिवस राहतात आणि ते एकदम चढते. ज्याने कधी मिरची चाखली नाही, त्याच्या पानात आमच्या खानदेशाकडचा ठेचा वाढावा, तसे होते. उलट, थॅलसेमिया या रक्ताच्या आजारात हे द्रव्य जन्मभर चढलेले असते. त्या बायकांना गरोदरपणी मळमळ क्वचितच होते. दैवाचा हा उफराटा न्याय वाचून मी चष्मा काढून ठेवला.

ही तपासणी अजून रोजच्या दवाखान्यातली नव्हे. त्यासाठी कोणी प्रयोगशाळेकडे धावू नये. पण तिने एक गोष्ट पक्की केली. दोष मनात नाही, रक्तात आहे; आणि तो आईकडून, बापाकडून, आजीकडूनही येऊ शकतो.

फेझोबाईंची हकीकतही वाचली. १९९९ मध्ये त्या स्वतः या आजारात इतक्या खंगल्या, की पंधराव्या आठवड्यात त्यांचे मूल गेले. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते, की लोकांचे लक्ष वेधायला तुम्ही हे वाढवून सांगता. बाईंनी उत्तर द्यायला चोवीस वर्षे घेतली. पण दिले ते असे, की आता कोणाला खोडता येणार नाही. त्या डॉक्टरांना तरी काय बोल लावावा? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठमोठे विद्वान असेच मानत, की जिला मनातून मूल नको असते तिचे शरीर त्याला ओकून टाकू पाहते. अशा बायकांना एकट्या खोलीत ठेवत, माहेरच्यांना भेटू देत नसत. 'जेन एअर' ही कादंबरी लिहिणारी शार्लट ब्राँटी ३१ मार्च १८५५ रोजी वयाच्या अडतिसाव्या वर्षी वारली. तेव्हा दाखल्यावर क्षय लिहिला. ती गरोदर होती आणि ओकून ओकून संपली, असे आता पुष्कळ जाणकार मानतात.

"आजीकडूनही येऊ शकतो" हे शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. पोरीची आजी म्हणजे माझी आक्का.

१९७३ सालचा चैत्र. बाहत्तरचा दुष्काळ म्हणतात, पण त्याची खरी झळ लागली ती त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. आड आटले होते, माणसे खडी फोडायला जात होती, कामावर सुकडी मिळत होती. रेशनवर मिलो आला होता; ती लालसर परदेशी ज्वारी, तिची भाकरी थापता थापता तुटे आणि भाजताना कोंदट वास येई. मी तेव्हा तेरा वर्षांची, सातवीत. आक्का एकोणीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेले. तिला तिसरा महिना होता. सासरहून चार दिवसांसाठी म्हणून आली ती एस.टी.तून उतरतानाच ओकली.

ती चुलीपाशी फिरकू शकत नसे. मिलोचा वास आला, की तोंडावर पदर धरून मागच्या दारी जाई. लाळ गिळवेना, म्हणून आजीने तिला एका करवंटीत राख घालून दिली होती. ती घेऊन ती दिवसभर पडवीत बसे. ओठ फुटले होते. आई आलं किसून देई, धन्याचे पाणी देई. आजी म्हणे, "पोराला जावळ फार असणार." शेजारणी म्हणत, "दुष्काळात सासरी काम पडतं, म्हणून माहेरी येऊन बसली." अण्णांनी एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी नाडी पाहिली, पोट पाहिले आणि बाहेर येऊन अण्णांना हलक्या आवाजात सांगितले, "आजार काही नाही. मनातून मूल नको असेल. लाड थांबवा, सासरी पाठवा." हलका आवाज असला, तरी पडवी चार हातांवर होती.

तरी आईचा पाय निघत नव्हता. दोन दिवस राहू दे, असे ती अण्णांना म्हणत होती.

त्या रात्री मला तहान लागली म्हणून मी उठले. मागच्या दाराशी चांदणे पडले होते. आक्का उंबऱ्यावर बसली होती. शिंक्यातली कैरी तिने काढली होती, चाकूने एक फोड केली होती, तिला मीठ लावले होते आणि डोळे मिटून ती खात होती. चोरासारखी नव्हे, देवाचा प्रसाद खावा तशी. मी पाहिले आणि पाणी पिऊन पुन्हा निजले.

सकाळी मी ते सगळ्यांना सांगितले. कोणी विचारले नव्हते. आपल्याला काहीतरी कळले आहे, या आनंदात सांगितले. "आक्का रात्री कैरी खात होती!" आजी हसली. पाण्याला आलेली शेजारीण म्हणाली, "बघा! चोरून कैरी उतरते, नि भाकर तेवढी उतरत नाही." आईने काही न बोलता आक्काचे लुगडे घडी घालून पिशवीत ठेवले. दुपारच्या एस.टी.ने अण्णांनी तिला पोचवले. निघताना तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता, तर मला पुढची पन्नास वर्षे बरी गेली असती.

वैशाखात निरोप आला. तिला बैलगाडीतून दवाखान्यात नेले होते. ती वाचली, मूल राहिले नाही. तीन वर्षांनी तिला मुलगा झाला. तेव्हाही पाच महिने तिने तसेच काढले असे पुढे उडत उडत कळले. माहेरी ती बाळंतपणालासुद्धा आली नाही.

नाती तुटत नाहीत. सणावाराला येणे-जाणे राहिले, हसणे-बोलणे राहिले. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन आमच्या चांदवडला भरले. लाखांनी बाया आल्या. ज्या गावाने यात्रेलाही एवढी माणसे पाहिली नव्हती, तिथे दिसेल तिकडे लुगडी आणि डोक्यावर भाकरीची गाठोडी. 'चांदवडची शिदोरी' हे पुस्तक त्याच अधिवेशनाचे. आक्का तिच्या गावच्या बायांबरोबर ट्रकने आली आणि रात्री माझ्याकडे उतरली. पाय शेकत बसली असताना ती सहज म्हणाली, "एवढ्या बाया बोलल्या गं आज. कोणी त्यांना नाटकी म्हणालं नाही." मी तेव्हा सव्वीस वर्षांची, नोकरीला लागलेली, शहाणी म्हणवणारी बाई. जीभ उचलली असती, तर सारे बोलता आले असते. मी तिला विचारले, "आणखी थोडा भात वाढू का?"

नाशिकहून पोरीला घेऊन आम्ही परतलो. तीन-चार दिवसांनी आक्का नातीला भेटायला आली. वय एकाहत्तर, गुडघे धरलेले. इतर बायका येत त्या विचारत, आता कसं वाटतंय, काय खावंसं वाटतंय, मुलगा की मुलगी. आक्का खोलीत गेली, पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि एवढेच विचारले, "थुंकायला राख देऊ का करवंटीत? पाण्यापेक्षा बरं पडतं, हिंदकळत नाही." पोर कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. मग रडली. तिला कळणारे माणूस आले होते.

दुपारी पोर निजली. आम्ही दोघी पडवीत बसलो. मी आक्काला ते सगळे समजावून सांगितले: रक्तातले द्रव्य, सवय नसलेले शरीर, नातीला हे कदाचित तुझ्याकडून मुलामार्फत आलेले असेल तेही. फळ्यावर लिहिल्यासारखे सांगितले. ती लक्षपूर्वक ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्या मनात मूल नको नव्हतं."

"नव्हतंच," मी म्हणाले.

"मला ठाऊक होतं ते," आक्का म्हणाली. "पण वर्षानुवर्षं लोक सांगत राहिले, की आपल्यालाही कधी कधी वाटतं, असेलही."

मग मी कैरीचे काढले. एक्कावन्न वर्षे घशाशी अडकलेली फोड होती ती. मी सांगितले, की मी पाहिले होते, मीच सांगितले होते, आणि त्यामुळेच आईचा शेवटचा आधार सुटला. सांगताना मी तेरा वर्षांची झाले होते.

आक्काने बराच वेळ अंगणाकडे पाहिले. मग ती म्हणाली, "ती कैरी होय? अगं, ती कुठं ठरली पोटात! अर्ध्या घटकेत आडामागं जाऊन सगळी काढली. रक्ताची गुळणी आली तीत. मी ओकल्यावर माती लोटली वरून, कुणाला दिसू नये म्हणून." थोडे थांबून तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू पाहिलंस ते खोटं नव्हतं, धाकटे. तू लवकर निजलीस, एवढंच."

यावर मला काही बोलता आले नाही. आजही येत नाही. सासूबाईंच्या हातातला तो पहिला कागद आठवतो. तोही खोटा नव्हता. लवकर निजला होता, एवढेच. म्हणून दिवाळीच्या या पानांतून घराघरांतल्या सासवांना, आयांना आणि विशेष करून नवऱ्यांना माझे सांगणे आहे. पोटाशी असलेली बाई जर म्हणत असेल, की पाणीसुद्धा राहत नाही, तर तिने चोरून काय खाल्ले ते मोजू नका. दिवसभरात पाणी ठरले नाही, लघवी कमी झाली, वजन उतरू लागले, उभे राहिल्यावर अंधारी आली, तर तिला दवाखान्यात न्या, आणि पहिला कागद चांगला आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. थोरल्या बहिणीला, आईला, आजीला असे झाले होते का, तेही विचारून ठेवा. त्या सांगणार नाहीत कदाचित. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवलेला नसतो.

पोरीचा त्रास सोळाव्या आठवड्यानंतर उतरत गेला. मध्ये एकदा पुन्हा सलाइन लागले. त्या वेळी सासूबाईंनीच गाडी बोलावली. कांद्याची चाळ त्यांनी शेताकडे हलवली. उन्हाळ्यात मुलगी झाली. आजीने भाकीत केले असते तसे जावळ मात्र अगदीच विरळ.

२०२५ च्या दिवाळीला आमच्या घरात वसुबारसेलाच कढई चढली. पोर बाळाला घेऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि तेलाचा वास छातीभर ओढून म्हणाली, "मावशीआजी, चकलीला तिखट कमी पडलंय." वासावरून! गल्लीतल्या बायांत आणखी एकीची भर पडली.

आक्काने गावाहून बरणी पाठवली होती. फडके सोडले, तर आत कैरीचे लोणचे. त्या दिवशी मी फराळाआधी त्यातली एक फोड खाल्ली, सगळ्यांच्या देखत.